फिजिक्सच्या पेपराच्या दिवशी

आमच्या घरी दिवस मिलच्या पट्ट्यानं उगवायचा. बाबा राइस मिलमध्ये फिटर होते. गोंदियात तेव्हा गल्लीगल्लीत मिल होत्या, आणि आमच्या मालकानं मिलच्या आवारातच, धान भिजवायच्या हौदांमागं, आम्हाला राहायला दोन खोल्या दिल्या होत्या. पहाटे बाबांनी मोटर चालू केली की कातड्याचा रुंद पट्टा आधी एकदोनदा घसरायचा, मग पकड घ्यायचा, आणि आमच्या फळीवरची भांडी थरथरायला लागायची. मग दिवसभर ती थरथर थांबत नसे. बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागे, त्यामुळे आमच्याकडे प्रेमानं बोललेलंही भांडल्यासारखं ऐकू यायचं. उकडलेल्या धानाचा आंबूस वास कपड्यांना, कोंडा केसांत, अंथरुणात, पिण्याच्या माठात. माय सकाळी पेज आणि जवसाची चटणी द्यायची, रात्री भात आणि लाखोरीची डाळ. कधी सुके झिंगे भाजले तर हौदावरचे हमालसुद्धा वास घेत दारापाशी घुटमळायचे. ताटावर फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि मगच पहिला घास घ्यायचा, ही सवय मला अजून आहे. हॉटेलातसुद्धा मी ताटावर फुंकर मारते आणि समोरचे लोक माझ्याकडे बघतात.

पट्टा जुना होऊन तुटला की त्यातला हातभर तुकडा बाबा कापून घ्यायचे आणि खुंटीला टांगायचे. तो माझ्या भावासाठी होता. नरेश माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. आमच्या घरात मारण्याला 'मारणं' म्हणत नसत, 'समजावणं' म्हणत. शेजारीण विचारायची, "काल रातच्याले एवढा आवाज काऊन होता?" आणि माय शांतपणे सांगायची, "काई नाई, नरेशले समजावून राहिले होते." पट्ट्याचा पहिला फटका बसला की नरेश ओरडायचा, दुसऱ्या-तिसऱ्यानंतर ओरडणं सोडून द्यायचा आणि भिंतीकडे बघत राहायचा. मला बाबांनी कधी हात लावला नाही. मुलगी म्हणून असेल, किंवा एका मुलावरच त्यांचा सगळा जोर संपत असेल. एकदा मी खेळता खेळता मालकाच्या ऑफिसची काच फोडली, तेव्हा नरेशनं "मीच फोडली" म्हणून सांगितलं आणि माझ्या वाटचा पट्टा स्वतःच्या पाठीवर घेतला. नंतर हौदाच्या पाण्यात गमछा भिजवून मी त्याच्या पाठीवर ठेवला, तर तो म्हणाला, "तुले लागत नाई ना, मग झालं." हे मी आधीच लिहून ठेवते. पुढचं वाचून कुणाला वाटेल की तो जन्मानंच तसा होता. तसा तो नव्हता.

आमची शाळा शहरातली सगळ्यात मोठी सरकारी शाळा. तिचं खरं नाव लिहीत नाही. आम्ही तिला 'बडा इस्कूल' म्हणायचो. सकाळी मराठी माध्यम, दुपारी हिंदी माध्यम. वर अकरावी-बारावीला आर्ट्स, कॉमर्स, सायन्स. आणि मागच्या बाजूला, पत्र्याच्या लांबलचक शेडमध्ये, वर्कशॉप. तिथं 'द्विलक्षी' म्हणजे बारावी सायन्सच्या सोबतीनं इलेक्ट्रिकलचं काम शिकवत. मोटरचं वाइंडिंग, घराची वायरिंग, स्टार्टर, पंप. पुढच्या इमारतीतले सायन्सवाले आम्हा शेडवाल्यांना 'लाइनमन' म्हणत आणि शेडवाले त्यांना 'रट्टू'. यावरून हाणामारी व्हायची. मराठी-हिंदीवरून व्हायची. कुणी कुणाच्या मोहल्ल्यातल्या मुलीकडे पाहिलं यावरून व्हायची. सकाळची पाळी सुटायची आणि दुपारची भरायची ती एकाच वेळी, एकाच फाटकातून. सुटणारे आणि येणारे एकमेकांत घुसायचे आणि त्या गर्दीत दप्तरातून सायकलच्या चेनी निघायच्या. मी एका मुलाचा कान फाटलेला पाहिला आहे. तो एका हातानं कान धरून पाण्याच्या टाकीपर्यंत चालत गेला, तिथं आधी पोटभर पाणी प्यायला आणि मग चक्कर येऊन पडला. मास्तरही मागे नव्हते. पीटीचे सर बेशरमाच्या झुडपाच्या काड्यांची मोळीच खोलीत ठेवायचे. एक तुटली की दुसरी. मुलांनी त्यांना 'लकडहारा' नाव ठेवलं होतं, आणि ते नाव त्यांना माहीत होतं, आणि आवडत होतं.

वर्कशॉपला टेंभरे सर होते. आमगावकडचे पोवार, उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशात कायम टेस्टर. घरी शेती होती, ती भावावर सोपवून ते शहरात शिकवायला आले होते. त्यांचे वडील कधी शाळेत भेटायला आले की दोघं पोवारीत बोलायचे, आणि तेव्हाच सर हसताना दिसायचे. दहावी झाल्यावर बाबा माझं नाव आर्ट्सला टाकायला निघाले होते. पोरीला कशाला सायन्स, असं त्यांचं सरळ मत. ॲडमिशनच्या टेबलावर टेंभरे सर बसले होते. मी धीर करून म्हटलं, मला वर्कशॉप पाहिजे. त्यांनी मान वर न करताच विचारलं, "मोटर उलटी फिरून राहिली तर काय करशील?" मी म्हटलं, "दोन फेज बदलीन." मिलमध्ये जन्म गेलेल्या पोरीला हे काय सांगायचं? सरांनी बाबांकडे पाहिलं आणि म्हणाले, "हिला इथं द्या." बाबांना सरकारी माणसाला नाही म्हणता येत नसे. असं माझं आयुष्य ठरलं.

पण टेंभरे सर देवमाणूस होते असं मी लिहिणार नाही. त्यांच्याकडेही जाड केबलचा एक तुकडा असायचा. कुणी मेन स्विच बंद न करता बोर्डाला हात लावला की सर त्याला समोर बोलवायचे, तळहात पुढं करायला लावायचे आणि म्हणायचे, "करंट दुसरी संधी देत नाही. मी देऊन राहिलो." आणि सटकन. मीही खाल्ली आहे. दोन दिवस मूठ वळत नव्हती. आज मी तिरोड्याला वीजकेंद्रात मेंटेनन्सला आहे, माझ्या हाताखाली पोरं आहेत, मी कुणाला कधी हात लावला नाही. तरी प्रत्येक बोर्ड उघडण्याआधी माझा तळहात आपोआप मिटतो. शिकवण तशीच राहिली आणि मारही तसाच राहिला. आता ते दोन वेगळे करायला बसले तर निघत नाहीत.

नरेशला सायन्स नको होतं. त्याचा गळा चांगला होता. दिवाळीनंतर आमच्या मूळ गावी, अर्जुनीकडे, दंडार, म्हणजे नाच-गाण्याचं रात्रभराचं नाटक, व्हायची, त्यात त्यानं एकदा बाईचं काम केलं होतं आणि लोकांनी त्याला दोनदा गायला लावलं होतं. बाबा त्या रात्री सगळ्यांदेखत उठून निघून गेले. आमचे आजे-पणजे तलाव बांधणारे, त्यांच्या हाताचं पाणी अजून गावं पितात, आणि आपला पोरगा लुगडं नेसून नाचतो, हे त्यांना सहन झालं नाही. नरेशनं इंजिनिअर व्हायचं, असं त्यांनी तो पाळण्यात असतानाच ठरवलं होतं. बारावीला तो गणितात आणि फिजिक्समध्ये नापास झाला. पुन्हा बसला, पुन्हा नापास. तिसऱ्यांदा बसला तेव्हा मीही बारावीला होते. एकाच केंद्रावर, एकाच शाळेत, वेगवेगळ्या खोल्यांत आम्ही भाऊ-बहीण परीक्षा देणार होतो. घरून निघताना मायनं दोघांच्या हातावर दही-साखर ठेवली. बाबा नरेशला एवढंच म्हणाले, "यंदा नाई झालं तर या घरी येऊ नको."

बडा इस्कूलमध्ये परीक्षेच्या दिवसांत कॉपी चालायची. लपूनछपून नाही, बाजारासारखी. पेपर सुरू झाला की अर्ध्या तासात प्रश्न बाहेर जायचे, मागच्या गल्लीत झेरॉक्सच्या दुकानात उत्तरं निघायची आणि दगडाला गुंडाळून खिडक्यांतून आत यायची. हा सगळा धंदा मुन्ना नावाचा एक माणूस चालवायचा. तो कधीकाळी आमच्याच शाळेतून काढून टाकलेला. नुकताच त्यानं मोबाईल घेतला होता आणि तो कानाला लावून भिंतीबाहेर फेऱ्या मारायचा. शिक्षकांना त्याची भीती होती, काहींना त्याच्याकडून मिठाईही जायची. त्या वर्षी प्राचार्यांचं बीपी ऐन वेळी वाढलं, ते रजेवर गेले आणि केंद्राची जबाबदारी टेंभरे सरांवर आली. सरांनी पहिल्या दिवशी मागच्या सगळ्या खिडक्यांना आतून लोखंडी जाळी ठोकून घेतली. वर्कशॉपच्या आम्हा पोरांनीच ती ठोकली. मुन्ना बाहेरून बघत होता. तो सरांना म्हणाला, "मास्टरजी, बच्चों का भविष्य है." सर म्हणाले, "म्हणूनच."

गणिताच्या पेपरला नरेश सापडला. मी माझ्या खोलीत होते, मला फक्त आवाज ऐकू आला. नंतर त्याच्या खोलीतल्या मुलांनी सांगितलं. मोज्यात चिठ्ठी होती. सरांनी ती काढली, आणि मग नुसतं नाव लिहून घ्यायचं सोडून त्यांनी नरेशला उभं केलं आणि सगळ्या खोलीसमोर थोबाडीत मारायला सुरुवात केली. एकीकडून, दुसरीकडून. नरेश मोठा झाला होता, मिशी होती, सरांच्या खांद्यापर्यंत पोचत होता. तो हात खाली सोडून उभा राहिला. मग सरांनी त्याची कॉलर धरून त्याला व्हरांड्यातून फरफटत फाटकापर्यंत नेलं आणि बाहेर ढकललं. फाटकाबाहेर पालक उभे होते, मुन्ना उभा होता. ते हसले.

दुपारपर्यंतच बातमी मिलमध्ये पोचली. मी घरी आले तेव्हा बाबा मोटर बंद करत होते. त्यांनी मोटर दिवसाढवळ्या बंद केलेली मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली. एकदम इतकी शांतता झाली की माझ्या कानात शिट्टी वाजायला लागली. मग त्या शांततेत त्यांनी नरेशला अंगणात, हमालांच्या समोर, समजावलं. ह्या वेळी ते थांबतच नव्हते. नरेश पहिल्यांदा गप्प होता, मग हसायला लागला, आणि त्याचं ते हसणं ऐकून बाबा अजून जोरानं मारत होते. शेवटी दोन हमालांनी बाबांचे हात धरले. माय दारात उभी होती, तिच्या हातात तांदूळ निवडायचं सूप होतं, आणि ती तांदूळ पाखडत होती. सूप रिकामं झालं तरी पाखडत होती. नरेश उठला, शर्टाच्या बाहीनं नाक पुसलं आणि मिलच्या फाटकातून निघून गेला. त्या रात्री तो आला नाही. दुसऱ्या दिवशीही आला नाही.

त्यानंतरचा पेपर फिजिक्सचा. माझी खोली मागच्या बाजूला, वर्कशॉपच्या अगदी समोर, मधे फक्त व्हरांडा. पेपर वाटून थोडाच वेळ झाला असेल. पहिला दगड शेडच्या पत्र्यावर पडला. मग दुसरा, मग इतके की गारपीट व्हावी तसा सलग आवाज. बाहेर आरडाओरडा. फाटकावर दोनच पोलीस होते. लोकांनी भिंतीवरून उड्या मारल्या. टेंभरे सर आमच्या खोलीच्या दारात आले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज नेहमीचाच. "कोणी उठू नका. लिहीत राहा." त्यांनी आमच्या खोलीचं दार बाहेरून ओढून घेतलं आणि स्वतः व्हरांड्यात उभे राहिले.

मी खिडकीशेजारी बसले होते. जाळीतून मला सगळं दिसत होतं. जमाव व्हरांड्यात शिरला तेव्हा पुढं मुन्ना होता, त्याच्यामागं वीसपंचवीस जण, काही पालक, काही आमच्याच शाळेतली कालपरवाची पोरं. कुणाच्या हातात हॉकी, कुणाच्या हातात वीट. मुन्नानं सरांच्या छातीवर लाथ मारली. सर खांबावर आपटले, तरी उभे राहिले. मग कुणीतरी त्यांच्या डोक्यात वीट घातली आणि ते गुडघ्यावर आले. तेव्हा मागून नरेश पुढं आला. बाबांचा मार खाल्लेल्या दिवशीचाच शर्ट, बाहीवर वाळलेलं रक्त. मैदानावर नवीन खोल्यांचं बांधकाम चाललं होतं, तिथली सळई त्याच्या हातात होती. सरांनी उजवा हात डोक्यावर आडवा धरला. नरेशनं त्या हातावर मारलं. पुन्हा त्याच हातावर. मला हाडाचा आवाज ऐकू आला. लोक म्हणतात एवढ्या गोंधळात कसा ऐकू येईल. मला आला.

मी पेपर सोडून उठले. माझ्यासोबत फिरोज उठला, माझ्याच वर्गातला, वाइंडिंगमध्ये माझा जोडीदार. पर्यवेक्षक टेबलाखाली होते. आम्ही दार उघडून बाहेर पडलो, आणि मी काय ओरडले मला आठवत नाही, पण मी मधे घुसले तेव्हा नरेशची सळई वर गेली होती आणि मला पाहून तिथंच थांबली. दुसऱ्या कुणाची तरी हॉकी माझ्या खांद्यावर बसली. उजव्या खांद्याखालचं हाड मोडलं, ते मला नंतर कळलं. तेव्हा फक्त गरम वाटलं. त्या एका क्षणाच्या गोंधळात फिरोजनं आणि मी सरांना काखेत धरून समोरच्या वर्कशॉपमध्ये ओढलं. फिरोजनं दार लावलं, आडवी पट्टी टाकली आणि दोघांनी मिळून लोखंडी शिकंजा बसवलेलं, व्हाइसचं जड टेबल दाराला लावलं. मी डाव्या हातानं ढकललं.

दार पत्र्याचं होतं. त्यावर लाथा बसायला लागल्या. प्रत्येक लाथेसरशी टेबल बोटभर मागं सरकायचं. सर भिंतीला टेकून बसले होते. त्यांचा उजवा हात मनगटापासून भलतीकडेच वळला होता, आणि डोक्यातलं रक्त डोळ्यात जात होतं, ते डाव्या हातानं पुसत होते. फिरोजनं भिंतीवरच्या थ्री फेजच्या बोर्डाकडे पाहिलं आणि म्हणाला, "छाया, दरवाजे को करंट दे दे. हाथ लगाया कि चिपकेगा." वायर तिथंच होती, आदल्या आठवड्यात आम्हीच सोलून ठेवलेली. मी ती उचलली. करंट काय करतो, हे मला नीट माहीत होतं. तेच तर शिकलो होतो.

तेवढ्यात बाहेर लाथा थांबल्या आणि दाराला अगदी चिकटून आवाज आला. "छाये." तो नरेश होता. त्याचे हात पत्र्यावर होते, पत्रा त्या हातांनी आत दबलेला मला दिसत होता. "छाये, दार उघड. आमाले तोच पायजे. तुले कोणी काई करत नाई."

मी म्हटलं, "नाई उघडत."

"बाबानं मले कुत्र्यासारखं मारलं. कोणामुळं? ह्याच्यामुळं. तू काऊन त्याच्याकडून? तू माझी बहीण होय का त्याची?"

"दादा, जा तू. पोलीस येऊन राहिले."

"उघड म्हणतो ना!" आणि त्यानं दोन्ही मुठी पत्र्यावर आपटल्या.

माझ्या हातात वायर होती. फिरोज बोर्डापाशी उभा होता, त्याचा हात स्विचवर. सर हळू आवाजात म्हणाले, "छाया. वायर खाली ठेव." मी ठेवली नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं, तोच वर्गातला आवाज, "खाली ठेव. दूर सरक." तेव्हा मी वायर खाली टाकली आणि टेबलाला पाठ लावून बसले. पलीकडे माझा भाऊ दार ठोकत होता आणि त्याचा प्रत्येक ठोका माझ्या मोडलेल्या हाडात येत होता. तो शिव्या देत होता, मग रडत होता, मग नुसताच ठोकत होता. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. मग शिट्ट्या वाजल्या, पळापळ झाली, आणि शेवटी दाराबाहेर पोलिसांच्या बुटांचे आवाज आले.

सरकारी दवाखान्यात पोलीस जबाब घ्यायला आले. खांदा बांधला होता. फौजदारानं विचारलं, मास्तरांना कुणी मारलं? मी सांगितलं. मुन्नाचं नाव सांगितलं, आणि विचारलं तेव्हा नरेशचंही. फौजदारानं पेन थांबवलं. "हा कोण लागतो तुझा?" "सख्खा भाऊ." तो म्हणाला, "पाह्य पोरी, लिहू ना?" मी म्हटलं, "लिहा."

दवाखान्यातून घरी आले तेव्हा माय चुलीपाशी होती. पोलीस नरेशला एका मित्राच्या घरून उचलून घेऊन गेले होते, आणि मी काय सांगितलं ते तिला कळलं होतं. तिच्या हातात उलथनं होतं, चुलीतून नुकतंच काढलेलं, आणि तिनं ते माझ्या डाव्या हातावर दाबलं. माय, जिनं कधी कुणावर हात उचलला नव्हता. मी ओरडले नाही. मला खरंच वाटलं होतं की बाबा मारतील, आणि मी त्याची तयारी ठेवली होती. बाबा ओसरीवर बसून राहिले. मोटर चालू होती. खुंटीवर पट्टा होता. त्यांनी त्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यानंतर बाबांनी कुणालाच मारलं नाही, पण ते कुणाशी बोललेही नाहीत, आणि माय त्या घरात माझ्या हातचं पाणी पीत नव्हती. थोड्या दिवसांनी तिरोड्याहून मावशी आली, माझ्या हातावरचा डाग पाहिला, आणि मला घेऊन गेली.

बडा इस्कूलचं परीक्षाकेंद्र रद्द झालं. पेपर पुन्हा झाले, तिरोड्याला. मी डाव्या हातानं लिहायचा सराव केला, पण परीक्षेपर्यंत उजवा कसाबसा चालायला लागला. प्रत्येक ओळ लिहिताना हाड ओरडायचं. पास झाले. फार मार्कांनी नाही, पण पास झाले, आणि मावशीनं माझ्यासाठी मोहाच्या पुऱ्या केल्या. टेंभरे सरांचा उजवा हात नागपूरला दोनदा ऑपरेशन करूनही तसाच राहिला. बोटं मिटत नव्हती. शाळेनं त्यांना वर्कशॉपमधून काढून ऑफिसात बसवलं.

खटला उभा राहिला तोवर वर्ष उलटून गेलं होतं. मुन्ना जामिनावर सुटून कधीचाच छत्तीसगडला पळाला होता. नरेश आणि आणखी तिघं समोर होते. आधी माझी साक्ष झाली. नरेशचा वकील मला विचारत राहिला, भावाशी भांडण होतं का, घरात मालमत्तेचा वाद होता का, तुझं आणि त्या फिरोजचं काय होतं. बाईमाणसाला कोर्टात काय विचारतात, ते ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. मी प्रत्येक वेळी तेच सांगितलं. माझ्या भावानं मारलं. मी पाहिलं. फिरोजचं कुटुंब गाव सोडून गेलं होतं, तो आला नाही. मग सरांना बोलावलं. सरांनी उजवा हात डाव्या हातात धरला होता. सरकारी वकिलांनी नरेशकडे बोट करून विचारलं, ह्या माणसानं तुम्हाला सळईनं मारलं का?

सरांनी नरेशकडे पाहिलं. मग म्हणाले, "डोळ्यात रक्त गेलं होतं. मला चेहरा दिसला नाही."

वकिलांनी पुन्हा विचारलं. सरांनी पुन्हा तेच सांगितलं. मला उभं राहून ओरडावंसं वाटलं की रक्त नंतर गेलं डोळ्यात, त्यानं मारलं तेव्हा तुमचे डोळे उघडे होते, तुम्ही त्याच्याकडेच बघत होता. पण माझी साक्ष झाली होती. संशयाचा फायदा देऊन सगळ्यांना सोडलं.

मी कोर्टाबाहेर सरांना गाठलं. कडुनिंबाखाली त्यांचे भाऊ मोटरसायकल घेऊन थांबले होते. मी विचारलं, "सर, तुमी खोटं कायले बोलले?"

ते म्हणाले, "छाया, त्या आधीच्या पेपरला मी त्याला सगळ्यांसमोर मारलं. थोबाड सुजेपर्यंत. फरफटत नेलं. कोर्टात हे मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर काय सांगितलं असतं?" त्यांनी तो मिटत नसलेला हात माझ्यासमोर धरला. "त्याला तुरुंगात टाकून हा हात मिटणार नाही. माझा हिशेब मी मिटवला."

"पण मी तर खरं बोलली होती, सर."

ते भावाच्या मागं मोटरसायकलवर बसले आणि गेले. मला आजपर्यंत त्यांचा राग आहे. भावावरचा राग कमी होत गेला. आता तो कोहमाऱ्याला ट्रक दुरुस्तीच्या गॅरेजात आहे, त्याच्या पोराच्या बारशाला मी गेले होते. पण सरांवरचा कमी झाला नाही. त्यांनी हात गमावला, हे मला माहीत आहे. दाराआड मी वायर हातात घेतली तेव्हा ती खाली ठेवायला लावणारेही तेच, हेही मला माहीत आहे. तरी त्यांनी त्या दिवशी स्वतःचं जे मिटवलं, त्यात मला एकटीला उभं करून ठेवलं. माफ करायचं होतं तर ते त्यांनी कोर्टात उभं राहण्याआधी मला सांगायला पाहिजे होतं. आता ते नाहीत. सांगायचं राहूनच गेलं.

मी फाटकाकडे वळले तर नरेश समोर उभा होता. मित्रांनी त्याच्या कपाळाला गुलाल लावला होता. बाजूला माय होती, डोक्यावर पदर, बाबा आले नव्हते. नरेश जवळ आला. लोक बघत होते. मला वाटलं हात उचलेल, आणि मी डोळे मिटले नाहीत.

तो म्हणाला, "पाहिलं का? ज्याले मारलं तोच म्हणते पाहिलं नाई. तूच एक राहिली." मग त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "चाल घरी, छाये. झालं ते झालं. माय वाट पाहून राहिली. फक्त तिले एवढं म्हण, का पाहण्यात माझी चूक झाली."

मी मायकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत होती. वर्षभरात पहिल्यांदा बघत होती, आणि तिचे ओठ हलत होते. मी तेवढं एक वाक्य बोलले असते तर ती त्याच क्षणी मला पोटाशी घेणार होती. तिच्याकडे जायला माझं सगळं अंग निघालं होतं.

मी म्हटलं, "मले दिसलं होतं, दादा."

आणि मी स्टँडकडे चालायला लागले. मागून मायनं हाक मारली की नाही, ते मला माहीत नाही. रस्त्यावर ट्रकांचा आवाज फार होता. तिरोड्याची बस लागलेलीच होती. मी खिडकीजवळ बसले. बस सुटली, आणि रेल्वेचा पूल ओलांडल्यावर कंडक्टर आला.

"कुठं जाता?"

"तिरोडा."

"किती जण?"

मी म्हटलं, "एक."